सार्जंटबरोबर आयोवात पाच दिवस

जानेवारीत परत आल्या आल्या यातलं निम्मं वहीत उतरवलं होतं. मग ऑगस्टमध्ये टीव्हीवर आमच्या उमेदवाराची बदनामी करणाऱ्या त्या जाहिराती सुरू झाल्या आणि पुढचं लिहवेना. आता डिसेंबर २००४ उजाडलाय, अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक होऊन गेलीय, आमचा उमेदवार, डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉन केरी, बुश यांच्याकडून हरलाय. तरीही ते पाच दिवस जसे घडले तसे लिहून ठेवायचेच आहेत.

सार्जंट म्हणजे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधले आमचे शेजारी. त्यांचं खरं नाव इथे देत नाही. 'सार्जंट' ही हाक आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केली. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव साताऱ्याजवळ, अपशिंग्याच्या अंगाला. त्या अपशिंग्याला अख्खा जिल्हा 'मिलिटरी अपशिंगे' म्हणतो, इतकी तिथली माणसं फौजेत गेली. २००१च्या उन्हाळ्यात आबा इकडे आले होते, तेव्हा कुंपणापलीकडच्या माणसाच्या नुसत्या उभं राहण्यावरून म्हणाले, "ह्यो गडी फौजेतला हाय." दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. तरी सहा आठवडे रोज संध्याकाळी बागेत खुर्च्या टाकून शेजारी शेजारी बसायचे.

सार्जंट १९६८-६९मध्ये व्हिएतनाममध्ये होते, मेकाँग नदीच्या मुखाकडच्या खाड्यांमध्ये, नवव्या इन्फंट्री डिव्हिजनबरोबर. त्याच पाण्यात तेव्हा जॉन केरी नावाचा नौदलातला तरुण लेफ्टनंट पन्नास फुटी स्विफ्ट बोट घेऊन फिरत होता. दोघांची कधी गाठ पडली नाही. पुढे एप्रिल १९७१मध्ये केरींनी सिनेटच्या समितीपुढे युद्धाविरुद्ध साक्ष दिली आणि इतर माजी सैनिकांबरोबर आपल्या पदकांच्या फिती कॅपिटॉलच्या कुंपणापलीकडे फेकल्या. सार्जंटना ते तीस वर्षं सलत होतं. मग इराकचं युद्ध आलं आणि त्यांचा पुतण्या तिकडे गेला. गेल्या डिसेंबरात एक दिवस त्यांना केरींच्या प्रचार कार्यालयातून फोन आला. जानेवारीत आयोवात डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडायच्या सभा होत्या, त्यासाठी माजी सैनिक हवे होते. "त्याने मत मागितलं नाही," सार्जंट मला सांगत होते, "कुठल्या युनिटमध्ये होतास एवढंच विचारलं. चौतीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं." तासभर बोलणं झालं आणि ते आयोवाला जायला तयार झाले.

गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना लांबवर गाडी चालवता येत नव्हती, म्हणून मी निघाले. माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे, मताचा हक्क नाही. पण विनामोबदला काम करायला आडकाठी नाही, हे आधी विचारून घेतलं होतं. तुम्हीही कधी गेलात तर हे पहिल्याच दिवशी कार्यालयात सांगून टाका आणि मतदार म्हणून कशावरही सही करू नका.

शुक्रवार, १६ जानेवारी

संक्रांत नुकतीच झाली होती. आदल्या दिवशी, पंधरा तारखेला, आबांचा नेहमीसारखा फोन आला होता. १९४९ साली त्या दिवशी करिअप्पांनी ब्रिटिश सेनापतीकडून सूत्रं हाती घेतली, म्हणून तो सेना दिन. आबा दिवाळीला एकवेळ फोन करायचे नाहीत, पण सेना दिनाला करतात. मी कुठे निघालेय ते ऐकून थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "फौजीनं मतपेटीची राखण करावी गं, मतं मागत हिंडू नये." मी म्हटलं, आबा, हे सगळे निवृत्त आहेत. "फौजी निवृत्त हुतो व्हय?" एवढं बोलून त्यांनी थंडीची चौकशी सुरू केली.

तिळगुळाचे दोन डबे भरून सकाळी आठला निघालो. इंटरस्टेट ८८ने पश्चिमेला जायचं आणि पुढे ८० धरायचा. दोन्ही बाजूंना मक्याची कापलेली शेतं होती आणि खुंटांच्या मधून बर्फ दिसत होतं. मिसिसिपी ओलांडताना मी गाडी जरा हळू केली. नदी काठाने गोठलेली होती, मधे काळं पाणी वाहत होतं. सार्जंटनी त्या बाजूला पाहिलंच नाही. पूल संपल्यावर म्हणाले, "रुंद नदी मला अजून आवडत नाही."

वॉलकॉटला 'आयोवा ८०' नावाचा ट्रकवाल्यांचा थांबा आहे, जगातला सगळ्यांत मोठा म्हणून मिरवणारा. आत दुकानं आहेत, चालकांसाठी न्हाणीघरं आहेत, दाताचा डॉक्टरसुद्धा आहे. तिथे आयोवाचं ते प्रसिद्ध पोर्क टेंडरलॉइन सँडविच खाल्लं. मांस कुटून पातळ करतात, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळतात आणि ते पावाच्या बाहेर चारी बाजूंनी हातभर लोंबत असतं. एकात दोघांचं भागतं.

जानेवारीत या रस्त्याने येणार असाल तर टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. मागच्या सीटवर घोंगडी, पाणी आणि खायला काहीतरी ठेवा. काच धुवायचं पाणी शून्याखाली न गोठणारं, निळं असतं तेच भरा. ट्रकच्या चाकांखालचा मिठाचा चिखल काचेवर उडाला की क्षणात काही दिसेनासं होतं.

आमची नेमणूक न्यूटनला होती, दे मॉइनच्या अलीकडे पन्नास किलोमीटरवर. हे मेटॅग कंपनीच्या धुलाईयंत्रांचं गाव होतं. मधे कोर्टाची दगडी इमारत आणि तिच्या चारी अंगांना दुकानं. एका रिकाम्या दुकानात कार्यालय थाटलं होतं. तिथली व्यवस्था बघणारी मुलगी जेमतेम तेवीस वर्षांची, आणि तिच्या हाताखाली साठीच्या पुढची माजी सैनिक मंडळी. ती याद्या वाटायची आणि ही माणसं त्या ताठ उभं राहून घ्यायची.

सगळ्यांत वयस्कर गृहस्थ दुसऱ्या महायुद्धातले, आयोवातल्याच वॉटर्लूचे. पाकिटं चिकटवत बसले होते. वॉटर्लूच्या सलिव्हन घरातले पाचही भाऊ एकाच जहाजावर होते, 'जुनो'वर. नोव्हेंबर १९४२मध्ये ते जहाज बुडालं आणि पाचही जण गेले. हे गृहस्थ त्यांच्याच गावात वाढलेले. "त्या आईला मी रस्त्याने जाताना पाहायचो," ते म्हणाले आणि पुढचं पाकीट उचललं. मी त्यांच्या तळहातावर तिळगूळ ठेवला. 'तिळगूळ घ्या, गोड बोला' याचा अर्थ सांगितला तेव्हा ती तेवीस वर्षांची मुलगी म्हणाली, हे वाक्य निवडणुकीच्या प्रत्येक कार्यालयात भिंतीवर लावायला हवं. तिने खरोखरच एका पुठ्ठ्यावर ते माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं आणि काचेला आतून चिकटवलं. केरींच्या निळ्या पाट्यांमधे देवनागरी.

शनिवार, १७ जानेवारी

सकाळी सातला बाहेर पडलो तेव्हा श्वास मफलरवर गोठत होता.

दारोदार हिंडायचं काम दिसतं तेवढं सोपं नाही. यादीत घरांचे पत्ते, माणसांची नावं आणि पुढे एक ते पाच आकडे असतात. एक म्हणजे पक्का आपला, पाच म्हणजे पक्का दुसऱ्याचा. पेन नेऊ नका, शाई गोठते, शिसपेन्सिल न्या. पुढच्या दारावर बर्फ साचलेलं दिसलं तर बाजूच्या दाराने जा, घरातली माणसं तेच वापरतात. पत्रकं टपालपेटीत टाकायची नाहीत, केंद्रीय कायद्याने ती पेटी फक्त टपालखात्याची असते. दाराच्या कडीत अडकवा.

गावात नारिंगी टोप्यांची पोरंही फिरत होती. ती केरींचे पक्षातलेच प्रतिस्पर्धी हॉवर्ड डीन यांची, कुठून कुठून स्वखर्चाने आलेली. शरदात डीन इतके पुढे होते की केरींचं संपलं असंच सगळे धरून चालले होते. डिसेंबरात केरींनी बॉस्टनचं राहतं घर गहाण टाकून प्रचाराला पैसा उभा केला होता. एका कोपऱ्यावर टेक्ससचा एक पोरगा पातळ बुटांत कुडकुडत उभा होता. सार्जंटनी खिशातून हात ऊबवायच्या दोन पुड्या काढून त्याला दिल्या आणि बुटात कशा घालायच्या ते दाखवलं. मी तिळगूळ दिला. त्याने विचारलं, "तुम्ही कुणाकडून?" सार्जंटनी कोटावरचा बिल्ला दाखवला. पोरगा म्हणाला, "सर, युद्धाच्या ठरावाला तर तुमच्या माणसाने होकार दिला होता." ऑक्टोबर २००२चं ते मतदान. सार्जंट म्हणाले, "दिला होता. मलाही ते पटलं नाही. पण गोळी कशी लागते हे माहीत असलेला माणूस मला तिथे हवा आहे." वाद तेवढाच झाला. दोघांनी हात मिळवला.

अकराच्या सुमारास एका पांढऱ्या लाकडी घरापाशी आलो. दार एका बाईंनी उघडलं. यादीत नाव नवऱ्याचं होतं, पुढे 'व्हिएतनाम' अशी खूण. बाई हळू आवाजात म्हणाल्या, "ते त्याबद्दल बोलत नाहीत." सार्जंटनी मान डोलावली आणि पत्रक पुढे केलं. तेवढ्यात आतल्या अंधारातून आवाज आला, "कुठे होता?"

"डाँग टॅम," सार्जंट म्हणाले.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग ते गृहस्थ बाहेर आले, घरातल्या सपाता आणि उघडं डोकं. दार मागे ओढून घेतलं. दोघं पायरीवर उभे राहून बोलायला लागले. बाईंनी मला स्वयंपाकघरात नेऊन कॉफी दिली. खिडकीतून दोघांच्या पाठी दिसत होत्या. चाळीस मिनिटं. केरी, डीन, मत यातला एकही शब्द निघाला नाही, असं सार्जंट नंतर म्हणाले. चिखलाविषयी बोलले, पायांना होणाऱ्या कुजीविषयी, आणि परतल्यावर विमानतळावर गणवेश बदलायला कुठे गेले त्याविषयी. बाई खिडकीशी उभ्या राहून एकदाच म्हणाल्या, "याला थंडी बाधेल," आणि तरी त्यांनी त्यांना आत बोलावलं नाही.

यादीत सार्जंटनी त्या नावापुढे कुठलाच आकडा टाकला नाही. कार्यालयातल्या त्या मुलीने संध्याकाळी विचारलं, "हे एक आहेत की तीन?" सार्जंट म्हणाले, "हे आमचे आहेत. मताचं मला माहीत नाही."

दुपारी कार्यालयात परतलो तर सगळे फोनभोवती गोळा झालेले. दे मॉइनमध्ये त्या दिवशी जिम रॅसमन येऊन केरींना भेटले होते. आम्ही दारं ठोठावत राहिलो आणि ती भेट चुकली. रॅसमन १९६९मध्ये स्पेशल फोर्सेसमध्ये होते. १३ मार्चला बाय हाप नदीत जवळच सुरुंग फुटले, ते बोटीवरून पाण्यात फेकले गेले. वरून गोळीबार चालू होता, ते बुडी मारायचे, वर यायचे. केरींनी बोट मागे वळवली आणि दुखावलेल्या हाताने त्यांना ओढून वर घेतलं. त्याबद्दल केरींना ब्राँझ स्टार हे पदक मिळालं. पुढे रॅसमन लॉस एंजेलिस काउंटीच्या शेरीफ खात्यात नोकरी करून निवृत्त झाले आणि ऑरेगनला राहायला गेले. ते रिपब्लिकन म्हणून नोंदलेले. त्यांनी आपणहून फोन केला होता आणि पस्तीस वर्षांनी दोघं समोरासमोर आले.

रात्री मोटेलच्या टीव्हीवर ती मिठी दाखवली. आमच्या खोलीत पाच-सहा जण जमले होते. कुणी काही बोललं नाही. सार्जंट बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ नळ चालू होता.

त्याच बातम्यांत पुढे इराक होतं. तिथे मरण पावलेल्या अमेरिकन सैनिकांचा आकडा त्या शनिवारी पाचशेला पोचला. सार्जंट बाहेर आले, उभ्याउभ्याच ती बातमी पाहिली आणि पुतण्याच्या घरी फोन लावला.

रविवार, १८ जानेवारी

दे मॉइनला गेलो. विधानभवनाचा सोन्याच्या वर्खाने मढवलेला घुमट लांबूनच चमकतो. शहराच्या मध्यभागी इमारतींना जोडणारे काचेचे बंद पूल आहेत, त्यामुळे कोट न घालता मैलभर चालता येतं. पण शहर पाहायला सवडच नव्हती. हॉटेलं पत्रकारांनी भरलेली, खोली मिळणं अशक्य. पुढच्या वेळी कुणी जाणार असेल तर न्यूटन किंवा एम्ससारख्या जवळच्या गावात उतरा आणि ख्रिसमसच्या आधीच खोली धरा.

दिवसभर फोन. एका लांब टेबलाशी पंधरा माजी सैनिक, प्रत्येकापुढे माजी सैनिकांचीच यादी. माझं काम कॉफी भरायचं आणि झालेल्या नावांवर खुणा करायचं. माझ्या शेजारी एक बाई होत्या, व्हिएतनाममधल्या लष्करी रुग्णालयात परिचारिका होत्या. सगळे जण "सर, मी एक माजी सैनिक बोलतोय" असं सुरू करायचे. त्या "मी आर्मी नर्स होते" असं म्हणायच्या. पलीकडचा माणूस एकदम गप्प व्हायचा, मग आवाज बदलायचा. त्या सांगत होत्या, परतल्यावर माजी सैनिकांच्या कार्यक्रमाला गेलं की लोक नवऱ्याचं युनिट विचारायचे. वॉशिंग्टनला व्हिएतनाममध्ये मेलेल्यांची नावं कोरलेल्या भिंतीजवळ बायकांचं स्मारक उभं राहायला १९९३ साल उजाडावं लागलं.

काही नंबरांवर विधवा फोन उचलायच्या. यादी जुनी होती. अशा वेळी बाकीचे क्षमा मागून फोन ठेवायचे, या बाई ठेवत नव्हत्या. "त्यांचं नाव काय होतं? कुठे होते?" असं विचारायच्या आणि ऐकत राहायच्या. एक फोन पंचवीस मिनिटं चालला. वेळापत्रक बघणाऱ्या मुलाने घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा सार्जंटनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला नेलं.

मॅक्स क्लिलंड यांचं नाव दिवसभर कानावर येत होतं. व्हिएतनाममध्ये खे सान्हजवळ हातबाँब फुटून त्यांचे दोन्ही पाय आणि उजवा हात गेला. पुढे ते जॉर्जियाचे सिनेटर झाले. २००२मध्ये त्यांच्या विरोधात ओसामा आणि सद्दामचे चेहरे दाखवणारी जाहिरात निघाली आणि ते हरले. आता चाकाच्या खुर्चीतून ते केरींसाठी हिंडत होते. त्या टेबलावरचे कितीतरी जण केरींपेक्षा क्लिलंडना झालेल्या त्या अपमानामुळे घराबाहेर पडले होते. त्यात रिपब्लिकन म्हणवणारेही होते.

संध्याकाळी न्यूटनजवळ माजी सैनिकांच्या एका सभागृहात जेवण होतं. चिली, म्हणजे खिमा आणि राजम्याची दाट आमटी, आणि तिच्याबरोबर दालचिनीचा गोड रोल. ही जोडी आयोवातल्या शाळांमधल्या जेवणातून आलेली आहे म्हणे. आधी मला विचित्र वाटली. मग आमच्याकडे तिखट कटाच्या आमटीबरोबर पुरणपोळी खातातच की, हे आठवलं आणि दुसरा रोल घेतला. गावच्या निळ्या बुरशीचं मेटॅग चीजही होतं. आवडायला दोन घास लागतात, तिसऱ्यापासून थांबवत नाही.

सभागृहाच्या कोपऱ्यात एक छोटं गोल टेबल मांडलं होतं. पांढरा कपडा, फुलदाणीत एकच लाल गुलाब, ताटलीत लिंबाची फोड आणि चिमूटभर मीठ, पालथा ग्लास, रिकामी खुर्ची. मला वाटलं कुणी यायचंय. परिचारिका बाईंनी सांगितलं, हे युद्धात हरवलेल्यांसाठी आणि कैद झालेल्यांसाठी. लिंबू त्यांच्या कडवट नशिबासाठी, मीठ घरच्यांच्या अश्रूंसाठी. ग्लास पालथा, कारण ते आपल्याबरोबर पिऊ शकत नाहीत. असं टेबल इथे कायम मांडलेलं असतं.

हरवलेल्या माणसासाठी वाढून ठेवलेलं पान. मी तिथून हलले नाही. १९७१च्या युद्धात आबा पूर्व पाकिस्तानातल्या जमालपूरला होते, पहिल्या मराठा बटालियनमध्ये, जंगी पलटणीत. त्यांच्या तोंडून मी एवढं एकच वाक्य ऐकलंय, "जमालपूरला हुतो." आमच्या घरी सर्वपित्रीला आई एक पान जास्तीचं वाढते. कुणाचं ते मी लहानपणी विचारलं होतं, तेव्हा आबा उठून गोठ्याकडे गेले होते. डब्यातला एक तिळगूळ काढला आणि परिचारिका बाईंना विचारून त्या ताटलीत लिंबाच्या शेजारी ठेवला.

इथे ऑगस्टचं सांगायला हवं, कारण ते टेबल आठवलं की तेही आठवतं. स्विफ्ट बोटींवरच्याच काही जुन्या लोकांनी गट करून जाहिराती काढल्या, केरींची पदकं खोट्यावर मिळवलेली आहेत म्हणून. नौदलाची कागदपत्रं केरींच्या बाजूची होती, त्यांच्या बोटीवरची बहुतेक माणसं त्यांच्या पाठीशी होती, रॅसमननी वर्तमानपत्रात लिहून पुन्हा सगळं सांगितलं, क्लिलंड निषेधाचं पत्र घेऊन टेक्ससमधल्या क्रॉफर्डला अध्यक्ष बुश यांच्या दारापर्यंत गेले. तरी जाहिराती चालूच राहिल्या. त्या गटातल्यांचा १९७१च्या साक्षीवरचा राग मी समजू शकते, सार्जंटच्या घरात मी तो पाहिलेला आहे. पण पदकं खोटी ठरवली की त्या दिवशी त्या नदीत असलेला प्रत्येक माणूस खोटा ठरतो. सार्जंटनी महिनाभर टीव्ही लावला नाही.

सोमवार, १९ जानेवारी

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी होती. दिवसभर फोन, गाड्यांची जुळवाजुळव, कुणाला आणायचं, कुणाला सोडायचं. सहाच्या आत शाळेत पोचलो.

कॉकस म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायची सभा, पेटीत मत टाकणं नव्हे. २००४मध्ये डेमोक्रॅट पक्षाच्या कॉकसला शेजारीपाजारी एका खोलीत जमायचे आणि आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहायचे, सगळ्यांच्या देखत. साडेसहाच्या आत नाव नोंदवावंच लागायचं. दुसऱ्या पक्षाचा माणूसही तिथेच अर्ज भरून डेमोक्रॅट होऊ शकायचा. पहिली मोजणी व्हायची. बहुतेक ठिकाणी पंधरा टक्के जमले नाहीत तर तो गट मोडायचा आणि त्यांना दुसऱ्या कोपऱ्यांत जायची मुभा असायची. मग खरी मजा: "इकडे ये, आपली मुलं एकत्र शिकली!" बाहेरगावच्यांना भिंतीशी बसून बघता यायचं, बोलायचं नाही. परदेशी पाहुण्याला लोकशाही बघायची असेल तर याहून चांगली जागा मला माहीत नाही. फक्त गाडी लांब लावायची तयारी ठेवा आणि आत उकडतं म्हणून कोटाखाली हलकं घाला.

शाळेचं जेवणघर, लहान मुलांची बाकं, भिंतीवर मुलांची चित्रं. शंभरएक माणसं. सव्वासहाला त्या पांढऱ्या घरातल्या बाई आल्या. एकट्याच. नाव नोंदवलं, सार्जंटजवळ आल्या आणि म्हणाल्या, "ते गाडीत आहेत. एवढ्या गर्दीत त्यांना येववत नाही. पण मला सोडायला आले. दोन वर्षांत संध्याकाळी पहिल्यांदा बाहेर पडलेत."

सार्जंटनी कोट उचलला आणि बाहेर गेले. ज्या क्षणासाठी चार दिवस गुडघा दुखेपर्यंत चालले होते तो त्यांनी पाहिलाच नाही. मी काचेतून बघत होते. पार्किंगमध्ये एका गाडीचं इंजिन चालू होतं, मागून पांढरा धूर निघत होता, आत दोन डोकी.

आत बाई केरींच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहिल्या, वॉटर्लूच्या आजोबांच्या मुलीशेजारी. तो कोपरा भरतच गेला. दुसरे एक उमेदवार गेपहार्ट, त्यांचे कारखान्यातले जुने समर्थक पंधरा टक्क्यांना थोडक्यात कमी पडले. त्यातला एक उंच माणूस खोलीच्या मधोमध येऊन थांबला, डोक्यावरची टोपी काढली, दोन्हीकडे पाहिलं आणि हळूहळू केरींच्या कोपऱ्यात गेला. टाळ्या वाजल्या. कुसिनिच या आणखी एका उमेदवाराच्या मूठभर लोकांना वरून सांगावा आला होता, ते एडवर्ड्स या चौथ्या स्पर्धकाच्या कोपऱ्यात गेले. नारिंगी टोपीवाले शेवटपर्यंत हलले नाहीत आणि रडवेले झाले तरी हात वर करून मोजून घेतलं. तो टेक्ससचा पोरगा माझ्यासारखाच भिंतीशी बसलेला होता.

मोजणी संपल्यावर मी बाहेर धावले आणि गाडीच्या काचेवर टकटक केली. सार्जंटनी काच खाली केली, मी आकडा सांगितला. "बरं," ते म्हणाले. मग शेजारच्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, "तर मग त्या पुलापाशी पुढे काय झालं?" मी काच वर करायची खूण केली आणि परत आत गेले.

रात्री निकाल आला. राज्यात केरी ३८ टक्के, एडवर्ड्स ३२, डीन १८, गेपहार्ट ११.

मंगळवार, २० जानेवारी

परतीच्या वाटेवर रेडिओवर डीन यांनी हरल्यावर रात्रीच्या भाषणात ठोकलेली आरोळी पुन्हा पुन्हा वाजवत होते. त्या पोरांनी थंडीत घातलेले आठवडे त्या एका आवाजाखाली गाडले गेले, याचं मला वाईट वाटलं. सार्जंटनी रेडिओ बंद केला.

या खेपेला मिसिसिपीवर त्यांनी मला गाडी हळू करायला सांगितली. पाण्याकडे पाहिलं, पूल संपेपर्यंत. काही बोलले नाहीत.

दुपारी घरी पोचलो. त्यांना दारापर्यंत सोडलं, उरलेला तिळगुळाचा डबा हातात दिला. रात्री उशिरा, म्हणजे तिकडची सकाळ झाल्यावर, दहा डॉलरचं फोनकार्ड खरवडून आबांना फोन लावला. निकाल सांगितला, त्या टेबलाचं सांगितलं, लिंबू आणि मीठ, पालथा ग्लास. आबा नुसतं हं, हं करत होते. मग मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं, "आबा, सर्वपित्रीला ते पान कुणाचं असतं?"

पलीकडे कोंबडा आरवल्याचं ऐकू आलं. कुणीतरी हौदावर भांडी आपटत होतं.

"नाव सांगतो," आबा म्हणाले. "पर आधी जमालपूरचं सांगाया पायजे. आमी मागल्या अंगानं नदी उतरून गेलो हुतो, आन् रातचं..."

कार्डवरची बाई मधेच म्हणाली की एक मिनिट उरलंय. आबांना ते ऐकू गेलं नाही, ते सांगतच राहिले आणि फोन तुटला. घरात दुसरं कार्ड नव्हतं. मी बूट चढवले आणि चोवीस तास उघडं असणाऱ्या पेट्रोलपंपाकडे गाडी काढली.